रोलमधला शेवटचा फोटो

अम्मीची जियारत झाली. पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, शेजारून आणलेली पातेली घासून परत केली आणि घर एकदम शांत झाले. माझी लेक जवळ येऊन बसली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. म्हणाली, "मम्मी, नानी तुझ्याएवढी होती तेव्हा कशी दिसायची? फोटो दाखव ना."

मी उठले आणि कपाट उघडले. मला वाटले होते, दोन मिनिटांचे काम आहे.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही भावंडांनी मिळून सगळे घर धुंडाळले. अम्मीचे एकूण तीन फोटो सापडले. एक मतदार ओळखपत्रावरचा, दुसरा हजच्या अर्जासाठी पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला आणि तिसरा पुतण्याच्या निकाहातला. त्या तिसऱ्यात अम्मी मागच्या रांगेत आहे आणि तिचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड गेला आहे. घरातल्या सहा मोबाइलमध्ये मिळून हजारो फोटो होते. बिर्याणीचे पातेले होते, नव्या गाडीचे होते, मुलांच्या गॅदरिंगचे होते. अम्मी कुठे दिसलीच तर तिचा हात दिसे, पदराचे टोक दिसे, नाहीतर कुणाला तरी भरवताना पाठ दिसे. बहात्तर वर्षे जगलेल्या बाईचे आमच्याकडे तीन फोटो, आणि त्यातले दोन सरकारने मागितले म्हणून काढलेले.

यात आमच्या घराचे काही विशेष नाही. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये मतदारांना फोटोचे ओळखपत्र देण्याचे ठरले. त्यानंतर गावोगावच्या शाळांत फोटो काढायची शिबिरे भरली. आमच्या हिंजवडीत अम्मी खालाच्या सोबतीने गेली होती. बाकावर बसवले, समोर बघा म्हणाले, आणि झाले. घरी आल्यावर ती हसत सांगत होती, "बैठने के पहले च निकाल लिया मुए ने!" तेव्हा ती पंचेचाळीसची होती. कॅमेऱ्यासमोर एकटी बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. आपल्या मोहल्ल्यातल्या, गावातल्या किती आया-मावश्यांची गोष्ट हीच असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

खरे तर आमच्या घरात कॅमेरा नव्हता असेही नाही. मामूंकडे होता. आणि तो का होता, याला एक कारण होते.

माझे आजोळ पुण्याचे, कसबा पेठेतले, नदीपासून हाकेच्या अंतरावर. नाना अम्मीच्या लहानपणीच वारले. त्यांचा एकच फोटो होता, नानीसोबत स्टुडिओत उभे राहून काढलेला. नानीने तो चौकटीत बसवून पेटीत ठेवला होता, भिंतीवर लावला नव्हता. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले आणि पाणी पुण्यात शिरले. नदीकाठच्या पेठांतली घरेच्या घरे गेली. नानी चार लेकरे घेऊन वरच्या अंगाला पळाली म्हणून माणसे वाचली. पाणी ओसरल्यावर परत आले तर मातीची भिंत बसलेली आणि पेटी नाही. भांडी, कपडे, धान्य, सगळ्याची जुळणी पुढे होत गेली. नानांचा फोटो मात्र परत जुळण्यासारखा नव्हता. त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

मामू तेव्हा चौदा वर्षांचे होते. अम्मी अकराची आणि खाला चारची. खालाला वडिलांचा चेहरा आठवत नसे. ती नानीला विचारायची, आणि नानी त्या फोटोचे वर्णन करून सांगायची. टोपी अशी होती, हात खुर्चीवर असा होता, शेरवानीचे वरचे बटण उघडे राहिले होते. पुढे नानीचे सांगणेही बदलत गेले. कधी शेरवानी काळी असायची, कधी राखाडी. मामू एकदा मला म्हणाले होते, "तेरी नानी को नाना याद थे. फोटू भी याद था. लेकिन दोनों आहिस्ता आहिस्ता एक में मिल गए."

पिंपरीकडच्या एका कारखान्यात नोकरी लागल्यावर मामूंनी पैसे साठवून अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत हाच कॅमेरा असायचा. काळा, डब्यासारखा, हाताळायला अगदी सोपा. त्यात रुंद रोल पडायचा आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. बारा म्हणजे बारा. तेरावा नाही. त्यामुळे मामू ईदला आमच्याकडे आले की आम्हाला ओळीने उभे करायचे, कुणाचे केस बसवायचे, कुणाचे नाक पुसायचे, दोनदा ओरडायचे आणि मगच बटण दाबायचे. रोल पूर्ण झाल्याशिवाय धुवायला देता येत नसे. ईदुल फित्रचा फोटो बकरीदला बघायला मिळायचा. तोवर आम्ही रोज विचारायचो, "मामू, आया क्या?"

या सगळ्या फोटोंत अम्मी का नाही? मामू म्हणायचे, "आपा, तू भी आ." अम्मीचे उत्तर ठरलेले असायचे. "मेरा क्या निकालते, बच्चों का निकालो." बारा फोटोंत सहा लेकरे, अब्बा, दादी, शेजारची पोरे, आणि झालेच तर बैलजोडी. आपल्यामुळे एक फोटो वाया जाऊ नये, एवढाच तिचा हिशेब असे. शिवाय चुलीवर शीरखुर्मा असायचा.

पेटीच्या तळाशी मामूंच्या या फोटोंचे एक पाकीट सापडले. तेवीस फोटो होते. जियारतीनंतरच्या तिसऱ्या रात्री आम्ही ते सतरंजीवर पसरले, आणि घरात पहिला वाद झाला.

माझे भाईजान नमाज-रोज्याचे पक्के. फोटोच्या बाबतीत कडक. धाकट्या बहिणीचे म्हणणे होते की ओळखपत्रावरचा अम्मीचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावावा. भाईजान म्हणाले, "घर में तस्वीर नहीं लगेगी." बहीण रडायला लागली. "तुम्हाला अम्मी नको आहे," असे नको ते बोलून गेली. भाईजान उठून ओट्यावर जाऊन बसले.

हा वाद आपल्या घरांना नवा नाही, म्हणून दोन शब्द लिहिते. मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. वाचनातून एवढे कळते की या प्रश्नावर उलेमांमध्ये पहिल्यापासून मतभेद आहेत. भारतातले बरेच उलेमा सजीवांचा फोटो गरजेपुरताच, म्हणजे पासपोर्ट, ओळखपत्र अशा कामांसाठी चालतो असे सांगतात. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत यांच्यासारख्यांनी शंभरएक वर्षांपूर्वी असे मत मांडले की कॅमेरा नवे काही घडवत नाही, पडलेली सावली धरून ठेवतो, म्हणून त्याला हाताने घडवलेल्या मूर्तीचा नियम लागू नाही. भिंतीवर टांगणे आणि पेटीत जपून ठेवणे यातही अनेकांनी फरक केला आहे. कोणते मत घ्यायचे हे ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवावे. मला सांगायचे आहे ते वेगळे. भाईजानना अम्मी नको होती असे नाही, आणि बहिणीला दीन नको होता असेही नाही. दुःखात माणूस समोरच्याचे म्हणणे सर्वांत वाईट अर्थाने घेतो. तो वाद त्या रात्री मिटला नाही. फोटो पाकिटात गेले.

दुसऱ्या दिवशी खाला आली. मी तिच्यापुढे ते तेवीस फोटो ठेवले आणि वही घेऊन बसले. कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. तेवीसपैकी सात फोटोंतली माणसे आम्हा भावंडांपैकी कुणालाच ओळखता येत नव्हती. अम्मीला आली असती. काही दिवसांपूर्वीपर्यंत ती याच घरात होती आणि पेटी तिच्याच पलंगाखाली होती. मी रोज शाळेतून यायचे, चहा प्यायचे, तिच्याजवळ बसायचे. एकदाही पेटी ओढून "अम्मी, ये कौन?" असे विचारले नाही. दुसऱ्यांच्या मुलांना इतिहास शिकवणारी मी, घरचा इतिहास पलंगाखाली ठेवून बसले होते.

खालाने सातपैकी पाच ओळखले. एक दादीची बहीण होती, घोटावड्याकडे दिलेली. एक गडी होता, जो आमच्याकडे अकरा वर्षे राहिला आणि ज्याच्या लग्नात अब्बांनी भांडी दिली होती. उरलेली दोन माणसे आता कुणालाच माहीत नाहीत. फोटो स्पष्ट आहेत, चेहरे हसरे आहेत. पण नावे गेली ती गेलीच.

मग खालाने एक फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ये तो खाली है. ये किसका निकाला?"

त्यात माणूस नव्हते. आमची विहीर होती. मागे भाताची खाचरे, बांधावर आंब्याचे झाड, लांब डोंगराची रेघ. पाठीमागे मामूंच्या अक्षरात फक्त '१९८७' लिहिलेले. आम्ही आधी तो बाजूला टाकला होता. मला वाटले, चुकून बटण दाबले गेले असेल.

भाईजान दारात उभे होते. ते आत आले आणि फोटो घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चुकून नाही. रोल संपवायचा होता."

ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते, म्हणून त्यांना आठवत होते. मामूंना दुसऱ्या दिवशी रोल धुवायला द्यायचा होता आणि एक फोटो शिल्लक होता. आम्ही बाकीची पोरे जेवायला बसलो होतो. मामू आणि भाईजान विहिरीकडे गेले. अम्मी तिथे धुणे धूत होती. मामू म्हणाले, "आपा, एक च है, खड़ी रह." अम्मीचे हात साबणाचे, साडी भिजलेली. ती म्हणाली, "ऐसे हाल में? मैं बाजू होती, तू कुएं का निकाल." आणि झाडाच्या मागे गेली.

"ही बघ," भाईजान म्हणाले. विहिरीच्या कठड्यापासून आंब्याच्या फांदीपर्यंत एक साडी वाळत होती, वाऱ्याने फुगलेली. कठड्यावर पितळी कळशी, पोटाला पोचा आलेली. आणि खाली दगडाशेजारी दोन चपला.

"ये अम्मी की चप्पल है गे," भाईजान म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. जनाज्याला त्यांनी सगळे नीट पार पाडले होते, कबरीत उतरले होते, कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

ती विहीर आता नाही. ज्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलीच हिंजवडी पाहिली आहे त्यांना सांगावे लागते की इथे मुळशी तालुक्यातले साधे शेतीचे गाव होते. आंबेमोहराचा वास यायचा, चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला बगाड निघायचे आणि आमचे अब्बा, गावातले मुलाणी, मानकऱ्यांबरोबर गर्दीत असायचे. १९९०च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, फेज एक, दोन, तीन झाले. आमच्या शेताचा तुकडाही त्यात गेला. मोबदला मिळाला, भाईजानांचे दुकान त्यातून उभे राहिले, माझे बी.एड. त्यातून झाले. तक्रार म्हणून लिहीत नाही. पण आज माणपासून शिवाजीनगरपर्यंत उभे असलेले मेट्रोचे खांब बघताना मुलांना "इथे आपली विहीर होती" असे सांगितले तर ती हसतात. त्यांना वाटते, मी गंमत करते. विहिरीचा पुरावा आता एकच आहे, चार बोटे रुंद.

आपण फोटो काढतो तो माणसांचा. मागे काय आहे ते आपण बघत नाही, कारण ते उद्याही तिथेच असणार असे वाटते. वीस वर्षांनी तोच फोटो बघताना नजर मागेच जाते. मामूंच्या सगळ्या फोटोंत मी आता ओट्याचे दगड बघते, कौले बघते, कोनाड्यातली चिमणी बघते.

शाळेत उर्दू शिकवताना मी सर सय्यद अहमद खान यांच्या 'आसारुस सनादीद' या ग्रंथाबद्दल मुलांना सांगते. १८४७ मध्ये, तिशीत असताना, त्यांनी दिल्लीतल्या जुन्या इमारतींची नोंद केली. कुतुबमिनारवरचे उंचावरचे लेख उतरवून घ्यायला ते शिंक्यात बसून वर लटकत. चित्रकारांकडून इमारतींची रेखाचित्रे काढून घेतली. दहा वर्षांनी १८५७ चा उठाव झाला आणि त्यानंतर दिल्लीतल्या कित्येक इमारती पाडल्या गेल्या. त्यांचे रूप आज आपल्याला कळते ते बऱ्याच अंशी अशा नोंदींमुळे. सर सय्यदांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. समोर उभे आहे ते लिहून ठेवावे, एवढेच त्यांनी केले. मामूंनी तर तेवढाही विचार केला नव्हता. त्यांना रोल संपवायचा होता.

आणि बायकांचे फोटो नसण्याबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारी बाईच होती, आणि परक्या पुरुषाची नजर पडणार नाही अशी व्यवस्था होती. सव्वाशे वर्षांपूर्वी पडदा आणि आठवण दोन्ही सांभाळता आले, तर आज प्रत्येक लेकीच्या हातात मोबाइल असताना अम्मीचा एक नीट फोटो घरच्या घरी, घरच्यांपुरता काढणे अवघड का असावे? अम्मीचे "मेरा क्या निकालते" हे उत्तर मी चाळीस वर्षे ऐकले आणि दर वेळी मान्य केले. ते मान्य करायचे नव्हते. हट्ट करायचा होता.

आता माझी स्वतःची चूकही सांगते. २०१६ मध्ये पुण्याला जाताना बसमध्ये माझा फोन गेला. त्यात माझ्या लेकीचे पहिल्या चार वर्षांचे आठ-नऊशे फोटो होते. दुसरीकडे एकही उतरवून ठेवला नव्हता. करू, करू म्हणत राहिले होते. तिचे पहिले पाऊल, पहिल्या ईदचा शरारा, अब्बांच्या मांडीवर झोपलेली ती, आणि अब्बा त्याच्या आदल्याच वर्षी गेलेले. जे वाचले ते दोन ठिकाणी वाचले. चौदा फोटो मी कधीतरी कागदावर काढून घेतले होते, आणि काही खालाला पाठवले होते, तिच्या फोनमध्ये होते. नानीचा फोटो पुरात गेला आणि माझे बसमध्ये गेले. पंचावन्न वर्षांत यंत्रे बदलली, चूक तीच राहिली. एकच प्रत होती.

या सगळ्यातून आम्ही घरी काही रीत घालून घेतली आहे. वाचक भगिनींना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नयेत. ते चिकटून बसतात आणि काढताना फाटतात. साध्या कागदाच्या पाकिटात, लोखंडी पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावेत. आमच्या मुळशीच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून भिंतीला लागून ठेवू नयेत. बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसू नये. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, नाते, ठिकाण, साल लिहावे. बॉलपेनची खूण पुढे उमटते. निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नयेत, त्यांतून आजही चांगली प्रत निघते. दुकानात स्कॅन करून घेणे जमत नसेल तर फोटो सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलने काढावा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जा घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि एक प्रत दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. आमची एक प्रत आता खालाकडे आहे.

मोबाइलमधल्या हजारो फोटोंचे काय? आम्ही दर ईदला वर्षाचे बारा फोटो निवडतो. मामूंच्या रोलमध्ये बारा होते म्हणून बारा. तेवढेच कागदावर काढून आणतो. निवडताना भांडणे होतात, त्या भांडणातच वर्षभराच्या गोष्टी निघतात. बारापैकी एक फोटो घरातल्या बाईचा, ती स्वतः असलेला, असलाच पाहिजे. आणि एक माणसांशिवायचा. घराचा, गल्लीचा, झाडाचा.

आणि जपणे म्हणजे जगाला दाखवणे नव्हे. घरातल्या लेकी-सुनांचे फोटो त्यांना न विचारता ग्रुपवर टाकणे, आजारी माणसाचा, मय्यतीचा फोटो काढून फिरवणे, हे आठवण जपणे नाही. ती अमानत आहे. ज्याचा फोटो त्याची परवानगी, एवढा नियम लहान मुलांच्या बाबतीतही पाळता येतो.

गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला गृहपाठ दिला. घरातला एक जुना फोटो आणा, त्यातल्या माणसाविषयी मोठ्यांना विचारा आणि दहा ओळी लिहा. माझ्या वर्गातली निम्मी मुले बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली आहेत, मराठवाड्यातली, विदर्भातली. एका मुलाने फोटो आणला नाही. मी विचारले तर मान खाली. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे जुना फोटो नाही. आजोबांचा आधार कार्डावरचा आहे, तो गावाला आहे." मला माझी चूक कळली. प्रत्येक घरात पेटी असते असे मी धरून चालले होते. मी म्हणाले, "मग फोटो नको. आजोबांना फोन लाव आणि विचार, त्यांच्या घराच्या दारातून काय दिसायचे."

त्याने दहाऐवजी दोन पाने लिहून आणली. दारातून दिसणारा चिंचेचा पार, पाण्याचा हौद, हौदावर नाव कोरलेल्या माणसाची गोष्ट. शेवटी लिहिले होते की आजोबा अर्धा तास बोलले आणि फोन ठेवताना म्हणाले, हे मला आजपर्यंत कुणी विचारले नव्हते. तेव्हापासून मी गृहपाठात फोटो मागत नाही. आधी विचारून यायला सांगते. फोटो असला तर उत्तम. नावे आणि गोष्टी नसतील तर तो आमच्या त्या दोन हसऱ्या अनोळखी चेहऱ्यांसारखा.

अम्मीच्या तीन फोटोंचे काय झाले ते सांगून थांबते. ते भिंतीवर लागले नाहीत. धाकटीने हजच्या अर्जावरचा आपल्या कपाटात, कपड्यांखाली ठेवला आहे. भाईजानांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. तिने त्यांना माफी मागितली. ते म्हणाले, "तू छोटी है, तेरे को माफ है."

विहिरीचा फोटो मात्र भाईजान स्वतः घेऊन गेले. पुण्यातून मोठी प्रत काढून आणली, चौकट करून घेतली आणि आपल्या बैठकीत लावली. त्यात कुणाचा चेहरा नाही, त्यामुळे कुणाची हरकतही नाही. येणारे पाहुणे विचारतात, "कुठली हो ही जागा? छान आहे." भाईजान सांगतात, "इथलीच. फेज दोनच्या रस्त्याला." पाहुण्यांना खरे वाटत नाही.

चपलांविषयी ते कुणाला सांगत नाहीत. पण परवा मी गेले तेव्हा पाहिले, त्यांची चार वर्षांची नात त्यांच्या कडेवर होती आणि चौकटीच्या काचेवर बोट ठेवून विचारत होती, "दादा, ये चप्पल किसकी?"

"मेरी अम्मी की," भाईजान म्हणाले.

"अम्मी किधर गई?"

"झाड़ के पीछे है," ते म्हणाले.

अल्लाह अम्मीची मगफिरत करो, तिच्या कबरीत नूर भरो. आणि ज्यांच्या अम्मी-अब्बांचे साये डोक्यावर आहेत त्यांनी हे पान वाचून झाल्यावर उठावे, पलंगाखालची पेटी ओढावी आणि त्यांच्याजवळ बसावे. आधी विचारावे. मग एक फोटो काढावा. नको म्हणाले तर हट्ट करावा.